डोहाईचा चेहरा

पडद्यावर पाणी आले. आधी नुसते काळे, मग हिरवट. मग त्याच्या तळाशी एकेक दिवा उमलत गेला आणि तळकोट नगरी दिसू लागली. शेवाळाने मऊ झालेले बुरूज, पाण्याच्या ओढीने एका बाजूला कललेल्या कमानी, माशांच्या सावल्या अंगावर घेऊन निजलेले रस्ते. केतकी सरनोबत खुर्चीच्या कडेला सरकून बसली. उमेदीची सारी वर्षे तिने हे नगर शब्दांनी वसवले होते. तीन जाडजूड खंड. मराठी मुलांच्या एका अख्ख्या पिढीने ते उशाशी घेऊन झोप उडवली होती. आज ते नगर तिच्यासमोर होते, आणि ते बरोबर आहे की चूक, हेच तिला कळत नव्हते.

"कमान डावीकडं झुकलीय बघ," शेजारी बसलेला तिचा धाकटा भाऊ इंद्रजित हळूच म्हणाला. "दुसऱ्या खंडात आहे तश्शी."

"तुला बरं आठवतं."

"मला न आठवून कसं चालेल? तुझं पहिलं गिऱ्हाईक मी."

ते खरे होते. प्रत्येक प्रकरण लिहून झाले की ती त्याला वाचून दाखवी. तो आरामखुर्चीत डोळे मिटून ऐके. मध्येच विचारी, "पण तो जिना तर खाली जाणारा होता ना?" ती मागची पाने चाळी आणि जिना खरोखरच खाली जाणारा निघे. त्याची स्मरणशक्ती दांडगी आहे, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती. तो नाटकांचे नेपथ्य करी. अशा माणसांना जिने लक्षात राहत असतील.

अद्भुतकथांवर निघालेल्या सिनेमांनी वाचकांना तोवर पुरते पोळले होते. कुणी राक्षसाला विदूषक केले, कुणी मेलेल्या नायिकेला शेवटच्या रिळात उठवून बसवले. वाचक चिडले, चित्रपटगृहे ओस पडली. 'पुस्तकाशी इमान' हा गल्लीबोळातला वादाचा विषय झाला. मग मनोदर्शक नावाचे यंत्र आले.

त्यामागचे शास्त्र ऐकायला सोपे होते. माणूस 'तांबडा पतंग' हे शब्द वाचतो तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात, डोळ्यांकडून आलेली दृश्ये जिथे उलगडतात तिथेच, त्या न पाहिलेल्या पतंगाचाही फिकट ठसा उमटतो. त्या ठशाचे चुंबकीय स्पंदन इतके क्षीण, की ते पकडायला पूर्वी खोलीएवढे यंत्र लागे. आता ते डोक्यावर घालायच्या एका हलक्या टोपात मावले होते. आधी माणसाला हजारो साधी चित्रे दाखवायची: झाड, जिना, हात, ढग. प्रत्येक चित्राला त्याचा मेंदू कसे उत्तर देतो, हे यंत्राने शिकायचे. मग चित्रे बाजूला ठेवून हाती पुस्तक द्यायचे. आता यंत्र उलटे चालते. असे उत्तर आले, तर समोर कोणते चित्र असले पाहिजे? अशा चित्रांची माळ ओवत गेले की वाचणाऱ्याच्या मनातला सिनेमा बाहेर येतो.

तो सिनेमा पुस्तकाशी किती इमानी, हे मोजायलाही तोच टोप. शेकडो वाचकांच्या मनात वाचताना उमटलेले ठसे आणि पडद्यासमोर बसल्यावर उमटलेले ठसे ताडून पाहायचे. शंभरापैकी जे गुण पडतील तो निष्ठांक.

केतकीने वर्षानुवर्षे सर्वांना नकार दिला होता. ईशान गद्रे हा पुण्याचा तरुण दिग्दर्शक हा टोप घेऊन आला, तेव्हा तिने एकच अट घातली. लेखिकेच्या मनात नसलेले एकही दृश्य पडद्यावर येणार नाही. गद्रे हसून म्हणाला होता, "मॅडम, हे यंत्र त्यासाठीच आहे." त्याप्रमाणे ती पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या त्याच्या चित्रशाळेत टोप घालून बसली, आपलेच तिन्ही खंड तिने मनातल्या मनात वाचून काढले. संपल्यावर गद्रे म्हणाला, "सुरेख झालं." आज चित्रपट तयार होता. लेखिकेने पाहून निष्ठापत्रावर सही केली की तो जगासमोर जाणार होता.

आणि ती पाहत होती. प्रवासी तळकोटाच्या मधल्या पायरीपाशी येतात, तो प्रसंग आला. तिचा श्वास आपोआप मंदावला.

त्या पायरीवर डोहाई बसते. लोक येतात, तिच्याकडे पाठ करून बसतात आणि मनातले बोलतात. ती मागून उत्तर देते. ती कशी दिसते, याचे तिन्ही खंडांत एकही वाक्य नाही. साहित्य संमेलनांतून, शाळांतून, मुलाखतींतून प्रत्येक ठिकाणी केतकीला तेच विचारले जाई, आणि ती सांगे, "मलाही माहीत नाही." लोक कौतुकाने हसत. त्यांना तो लेखिकेचा मिस्कीलपणा वाटे. ते अक्षरशः खरे होते.

पडद्यावर प्रवाशाने पाठ केली. कॅमेऱ्याने केली नाही. तो संथपणे त्याच्या खांद्यावरून पुढे सरकला आणि डोहाईच्या चेहऱ्यावर थांबला.

बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. केस विस्कटलेले, एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला, जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांत ताप उतरण्याची वाट पाहणारी एक थकलेली माया. मागच्या रांगेत चित्रशाळेची माणसे बसली होती. त्यांच्यातले कुणीतरी हुंदका गिळत होते. केतकीला मात्र आपल्या घराचे दार अनोळखी माणसाने आतून उघडावे तसे झाले.

"दिवे लावा," ती म्हणाली.

दिवे लागले. गद्रे उठून पुढे आला.

"ही कोण?"

"डोहाई, मॅडम."

"ती मला ठाऊक नाही, तर तुम्हाला कुठून ठाऊक? माझ्या मनात नसलेलं काही दाखवायचं नाही, असं ठरलं होतं आपलं. हा चेहरा माझ्या नोंदीत कुठाय, ते दाखवा."

गद्र्याने इंद्रजितकडे पाहिले. इंद्रजित आपल्या बोटांकडे पाहत होता.

"तुमच्या नोंदीत डोहाई नव्हती," गद्रे म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

"मॅडम, तुमच्या नोंदीत काहीच नव्हतं."

त्याने ती नोंद लावली. पडदा राखाडी झाला. राखाडीतून राखाडीच वाहत राहिली, पहाटेच्या धुक्यात काच पुसत राहावे तशी. पण आवाज होते; टोप ऐकण्याचे ठसेही टिपत असे. थेंबांचे, साखळदंडांचे, दूरच्या घंटेचे. आणि एक बाई अतिशय संथ, नितळ स्वरात वाक्ये उच्चारत होती. तळकोटाचे प्रत्येक वाक्य त्या राखाडीत न बुडता तरंगत होते. केतकीला ते ओळखीचे, घरचे वाटले.

"मग?" ती म्हणाली. "असंच तर असतं. वाचताना आणखी काय असतं?"

गद्र्याने शेजारची खुर्ची ओढली आणि आजारी माणसाशी बोलावे तसा तो बोलू लागला. शंभरात एकदोघांचे मन असे असते. त्यांना ऐकू येते, स्पर्श आठवतो, वाटा पायांना पाठ असतात. पण मिटल्या डोळ्यांआड चित्र उमटत नाही. हा आजार नव्हे. बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही, कारण तुलना करायला दुसऱ्याचे मन कुणी उघडून पाहत नाही.

"पण 'डोळ्यांसमोर उभं राहतं', असं जे म्हणतात…"

"खरंच राहतं, मॅडम."

तिने स्वतः ते वाक्य किती ठिकाणी लिहिले होते. 'तिच्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा तरळला.' काळजाचे पाणी झाले, असे आपण लिहितो तेव्हा कुणाच्या छातीत पाणी होत नाही. तशीच ही एक जुनी, झिजलेली, गोड बोलण्याची रीत, असे ती समजत आली होती. म्हणजे भोवतीची सारी माणसे, आई, शिक्षक, वाचक, रस्त्यावरचा भाजीवाला, डोळे मिटून खरोखर काहीतरी पाहत होती आणि तिला कुणी सांगितले नव्हते. आपल्याच भाषेने आपल्याला फसवले, असे तिला वाटले. भाषेला जाब विचारता येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला येतो.

"इंद्या," ती म्हणाली, "तू कधी घातलास टोप?"

"तुझं झालं त्याच महिन्यात." त्याने मान वर केली नाही. "ह्यांचा फोन आला. म्हणाले, रेकॉर्ड कोरी आहे, सगळं बंद पडणार. तुमच्याइतकं पुस्तक कुणाला पाठ नाही, तुम्ही या. मी गेलो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? की ताई, तुझ्या आत काही नाही?"

"होय. तेच सांगायचं होतंस. शब्द तर सोपे होते."

त्याने मान डोलावली.

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"अंदाज होता. लहानपणी मी विचारायचो, त्या घोड्याचा रंग कुठला? तर तू म्हणायचीस, तुला कुठला पाहिजे? मला वाटायचं, माझा लाड करतीस."

तिला ते दिवस आठवले. चित्रांनी नव्हे, वासाने. इंद्रजितला गोवर निघाला होता. डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून आईने खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या, उशाखाली कडुनिंबाचा पाला होता. वाचायला बंदी, खेळायला बंदी. केतकी शाळेतून आली की त्याच्या खाटेशी बसे आणि तळ्याखालच्या नगरीची गोष्ट रचून सांगे. तो अंधार तिला कधी परका वाटला नव्हता. आपण दोघेही एकाच काळोखात बसलो आहोत आणि त्यात फक्त माझा आवाज आहे, अशी तिची समजूत होती. आता कळत होते की त्या काळोखात ती एकटीच होती. तो तर लखलखीत नगरीत हिंडत होता.

"पण ही मुलगी कोण?" तिने पडद्याकडे हात केला. राखाडी अजून वाहत होती.

इंद्रजितने आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. "तू ओळखलं नाहीस?"

"कुणाला?"

"ताई, ती तू आहेस. मी तापातून डोळे किलकिले करायचो, तर दाराच्या फटीतल्या उजेडात तू दिसायचीस. डोहाई बोलायची ती तुझ्याच तोंडून ना? दुसरी कुठली दिसणार मला?"

मागच्या रांगेतली माणसे हळूच उठून बाहेर गेली. गद्र्याला वाटले असावे की आता बहीणभाऊ गळ्यात पडतील. चित्रपटात तसे झाले असते.

"सगळ्या पुस्तकात एकच जागा अशी होती," केतकी म्हणाली, "जिथून मी स्वतःला पुसून काढलं होतं. माणसानं बोलावं आणि समोर कुणी नसावं. ना देव, ना आई, ना लेखिका. ती रिकामी राहावी म्हणून मी तीन खंड राखण केली. आणि नेमकं तिथंच तू मला नेऊन बसवलंस."

"प्रेमानं बसवलं."

"प्रेमानं का असेना. मला न विचारता."

गद्रे मध्ये पडला. "मॅडम, एक सांगू? आम्ही पाचशे वाचकांवर चाचणी घेतली. निष्ठांक त्र्याण्णव आहे. आजवर कुठल्याच चित्रपटाला इतका मिळालेला नाही. म्हणजे इंद्रजितसरांनी जे पाहिलं ते वाचकांनीही पाहिलं होतं. पुस्तकाशी इमान म्हणजे तरी आणखी काय?"

"डोहाईच्या प्रसंगाचा किती?"

तो किंचित अडखळला. "तिथं उतरतो. साहजिक आहे, प्रत्येकाची डोहाई वेगळी असते. पण तोही प्रश्न राहत नाही. सिनेमा बघून झाल्यावर महिन्याभरानं त्यांनाच पुन्हा पुस्तक वाचायला दिलं, पुन्हा मोजलं, तर तिथलाही निष्ठांक नव्वदीपार गेला."

"गेला म्हणजे? पुस्तक तर तेच आहे. सिनेमाही तोच."

"वाचक बदलतो," गद्रे म्हणाला. मग आपण काय बोलून गेलो हे ध्यानात आल्यासारखा तो थांबला.

तिने ते वाक्य पुरते आत उतरू दिले. पहिल्या वाचनात कुणाला डोहाई म्हातारी दिसली असेल, कुणाला नुसता हात, कुणाला आपली हरवलेली मैत्रीण. महिन्याभरात त्या सगळ्या पुसल्या गेल्या आणि त्यांच्या जागी ही एक विस्कटलेल्या केसांची मुलगी येऊन बसली. शिवाय प्रत्येकजण शपथेवर सांगणार, मला ती पहिल्यापासून अशीच दिसत होती. यंत्र इमान मोजत नव्हते, घडवत होते. आणि ज्यांच्यावर या चेहऱ्याची मात्रा चालणार नाही असे शंभरातले एकदोघेच वाचक उरणार होते, तिच्यासारखे. तिच्या राखाडीत कुणालाच बसता येत नव्हते.

"कायदा काय आहे?" तिने विचारले. "मनातलं चित्र ज्याचं त्याचं, असंच ना?"

"होय. ज्याच्या मनातून आलं, तो कधीही मागे घेऊ शकतो. एखादं दृश्यसुद्धा." गद्र्याचा स्वर सावध झाला होता.

ती भावाकडे वळली. वळताना तिच्या लक्षात आले की आयुष्यात आपण त्याच्याकडे प्रथमच काही मागतो आहोत.

"इंद्या, तेवढा चेहरा काढून घे. नगर ठेव, जिने ठेव, कमानी ठेव. सगळं तुझं चांगलं आहे, असणारच. मी सही करते, लेखिकेच्या मनातलंच आहे म्हणून हवं तर खोटं लिहून देते. फक्त तिथं अंधार राहू दे."

त्याने वाहत्या राखाडीकडे एकदा पाहिले.

"नाही," तो म्हणाला.

"का?"

"ते माझं आहे, ताई. पुस्तक तुझं. बघणं माझं." आता तो थांबेना. "तिन्ही खंडांना मी मुखपृष्ठं काढली होती, आठवतंय? तू परत दिलीस. म्हणालीस, चित्र नको, कोरं कव्हर पाहिजे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाटकांचे दिवाणखाने रंगवले. आत हे सगळं पेटलेलं असायचं. कुणाला दाखवणार होतो मी? एकदा दाखवायची संधी आली, आणि त्यातली एक गोष्ट, जी मला सगळ्यात आधी दिसली, जिच्यामुळं बाकीचं दिसलं, तीच काढून घे म्हणतीस?"

"मुलांची डोहाई जाईल त्यानं."

"मुलांना माझी मिळेल की."

त्याच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिने प्रत्येक शब्द उलटून पाहिला. लिहिणाऱ्याचे शब्द, पाहणाऱ्याचे पाहणे. जो कुणी वाचतो तो एक वेगळे पुस्तक लिहितो, हे तीच तर व्यासपीठांवरून सांगत आली होती. तो बरोबर होता, आणि म्हणूनच त्याला क्षमा करायला जागा उरली नव्हती. चुकलेल्या माणसाला क्षमा करता येते. टोप घातला तेव्हा त्याने चोरून विश्वासघात केला होता. तो तिने कदाचित पोटात घातला असता. आता तोच विश्वासघात तो तिच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत, हक्काने करत होता.

"निष्ठापत्र आणा," ती गद्र्याला म्हणाली.

छापील मजकुरात एकच वाक्य होते: या चित्रपटातील प्रतिमा माझ्या मनातील आहेत. तिने ते खोडले आणि खाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले. 'या चित्रपटातील प्रतिमा माझ्या मनातील नाहीत. त्या माझा भाऊ इंद्रजित सरनोबत याच्या मनातील आहेत. त्याने त्या मला न सांगता दिल्या. त्या खऱ्या आहेत.' सही केली. हा मजकूर चित्रपटाच्या आरंभी, जसाच्या तसा, वाचून होईपर्यंत ठेवायचा, एवढे तिने गद्र्याकडून कबूल करून घेतले.

इंद्रजितने तो कागद वाचला. 'न सांगता' या शब्दांशी त्याची नजर अडली, आणि पुढे 'खऱ्या'शी.

"ताई, हे लोक वाचणार."

"तुला दाखवायचंच होतं ना?"

"मग खऱ्या आहेत असं कशाला लिहिलंस?"

"आहेत म्हणून."

तिने पिशवी उचलली. तो मागोमाग फाटकापर्यंत आला. बाहेर ऊन कलले होते, उसाच्या मळ्यांवरून गुऱ्हाळाचा गोडसर धूर येत होता.

"मी सोडतो घरी. गाडी आहे."

"नको. रिक्षा बोलावलीय."

"रविवारी येऊ का? तू लिहितीस त्या चौथ्या खंडाचं ते प्रकरण राहिलंय ऐकायचं."

"छापल्यावर वाच," ती म्हणाली.

चालक नसलेली रिक्षा आली. तिच्यातला यांत्रिक आवाज अस्सल कोल्हापुरी होता. "कुठं सोडू, मावशी?" त्याने विचारले. तिने पत्ता सांगितला. रिक्षा उतारावरून निघाली. तिने डोळे मिटून, मुद्दाम, प्रयत्न करून पाहिला. नाही म्हणताना इंद्याचा चेहरा कसा झाला होता? काही नाही. राखाडीसुद्धा नाही; राखाडी हेही शेवटी एक चित्रच. फक्त त्याचा आवाज होता, स्वच्छ, अगदी कानाशी: ते माझं आहे.

रिक्षा पंचगंगेच्या पुलावर आली तेव्हा फोन वाजला.

"ताई," इंद्रजित म्हणाला. "पोचलीस काय घरी?"

पुलाखाली नदी होती. शेजारून उसाने भरलेली ट्रॉली खडखडत गेली. तिने फोनवर तळहात धरला आणि आवाज विरू दिला.

"पोचले," ती म्हणाली.

"बरं." त्याचा स्वर सैल झाला. पलीकडे तो आता नक्की पाहत असणार, हे तिला उमगले. दारात काढलेल्या चपला, लावलेला दिवा, ओट्यावर चढवलेले चहाचे आधण, खिडकीशी बसलेली बहीण. सगळे बारकाव्यांनिशी, जिथल्या तिथे. एका शब्दात तिने त्याला एवढे मोठे चित्र दिले होते आणि त्यातले काहीही खरे नव्हते.

"चहा ठेवलायस?" त्याने विचारले.

"ठेवलाय," ती म्हणाली. रिक्षा अजून पुलावरच होती.